चाळीस फॉर्म भरून झाले, पुढे काय?

प्रश्न : मी मानवी विकास या विषयात पीएच.डी. करते आहे, दुसरे वर्ष चालू आहे. प्रबंधाचे शीर्षक ‘सोलापूर जिल्ह्यातील अल्पसंख्याक जोखीमग्रस्त किशोरवयीनांचा विकास : पारधी समाजाच्या विशेष संदर्भात’ असे आहे. गाईड म्हणतात ४०० चा नमुना हवा, आणि तुलनेसाठी गावातली ‘सर्वसाधारण’ मुलेही घ्या. तीन महिन्यांत एसडीक्यूचे (मुलांच्या भावना आणि वर्तनातल्या अडचणी मोजणारी प्रश्नावली) ४० फॉर्म भरून झाले. मुले बहुतेक प्रश्नांना ‘हो’च म्हणतात. पालक संमतीपत्रावर अंगठा द्यायला तयार नाहीत, म्हणून काही ठिकाणी मी तोंडी विचारून पुढे गेले. दिवाळीनंतर निम्मी वस्ती कामाला बाहेरगावी गेली. गेल्या आठवड्यात एका १५ वर्षांच्या मुलीने सांगितले, ‘ताई, माझं लग्न ठरलंय, पण कुणाला सांगू नका.’ मला झोप लागत नाही. मी विषय बदलू का?
(एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : आधी त्या मुलीचे बघू. बाकी सगळे महिनाभर थांबले तरी चालेल, लग्नाची तारीख थांबणार नाही.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ प्रमाणे लग्नासाठी मुलीला १८ वर्षे पूर्ण हवीत. बालन्याय कायदा २०१५ मध्ये आणखी एक तरतूद आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. जिचे लग्न अल्पवयात लावले जाण्याचा धोका अगदी समोर आहे, अशी मुलगी कायद्याने ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. त्यामुळे पोलीस ठाण्यात न जाताही तुम्हाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाता येते.

उद्या नको, आजच त्या मुलीला भेटा. बोलणे इतरांच्या कानावर जाणार नाही, पण दोघी सगळ्यांना दिसाल, अशा जागी बसा. तिला सरळ सांगा, की ही गोष्ट मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. हे तुला आधीच सांगायला हवे होते, ते राहिले, ही माझी चूक. मग तिला काय हवे आहे ते विचारा. शाळा चालू ठेवायची आहे का? वसतिगृहात राहायला चालेल का? घरातले कोण तिचे ऐकेल, आजी, मामा की मोठा भाऊ? त्यानंतर १०९८ या बाल-मदतवाहिनीवर किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाला फोन करा. लग्नाची तारीख, ठिकाण आणि वयाचा पुरावा कुठे मिळेल, एवढे सांगा. वस्तीवर पहिली भेट बालसंरक्षण अधिकाऱ्याने एखाद्या महिला कार्यकर्तीला सोबत घेऊन द्यावी, पोलिसांची गाडी आधी आणू नये, हे आग्रहाने सांगा. पारधी वस्तीवर जीप आली की पुरुष रानात पळतात, आणि ‘हिच्यामुळे आली’ हा ठपका त्या पोरीवर कायमचा बसतो. गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि लग्न थांबवण्याचा मनाई हुकूम न्यायालय देऊ शकते. गाईडना आणि संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीलाही त्याच दिवशी लेखी कळवा, पण त्यात मुलीचे नाव घालू नका.

लग्न आधीच लागले आहे किंवा तिच्याशी शरीरसंबंध झाला आहे असे कळले, तर निर्णय तुमच्या हातात राहत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीला ती कळवावीच लागते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संशोधकाला यातून सूट नाही.

यापुढे प्रत्येक मुलाशी बोलणे सुरू करण्यापूर्वी, वही उघडण्याच्याही आधी, एवढे सांगत जा : ‘तू सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी इजा करतंय, तुझं लग्न लावतायत, किंवा तूच स्वतःला काही करून घेणार आहेस असं कळलं, तर मदत करणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल. सांगायच्या आधी मी तुला विचारेन.’ हेच वाक्य पारधी बोलीत कसे म्हणायचे ते वस्तीवरच्या जाणत्या बाईकडून बसवून घ्या आणि रोज तसेच्या तसे म्हणा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारे मूल भेटले, तर त्याला त्याच दिवशी मदत मिळाली पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आता प्रबंधाकडे वळू. विषय बदलू नका. शीर्षक मात्र बदलावेच लागेल.

‘अल्पसंख्याक’ हा शब्द परदेशी पुस्तकांतून आलेला आहे आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे १९९२ च्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली अधिसूचित झालेले समाज सहाच : मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत मोडतात आणि इतिहासाने विमुक्त आहेत, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेल्या आणि पुढे त्या शिक्क्यातून मुक्त केलेल्या समाजांपैकी. शीर्षकात हा शब्द राहिला तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल. पुढे-मागे कैकाडी समाजाचा अभ्यास जोडायचा विचार असेल, तर तो विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि उरलेल्या राज्यात विमुक्त जातींत आहे, हेही ध्यानात असू द्या. जिल्हा बदलला की त्याच समाजाच्या मुलाचा दाखला, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह बदलते. मुलाच्या विकासावर याचा थेट परिणाम होतो, म्हणून हे तळटीपेत न टाकता मुख्य मजकुरात घ्या.

दुसरा शब्द ‘जोखीमग्रस्त’, आणि आम्हाला तुमच्याशी खरे बोलायचे आहे ते याच शब्दाबद्दल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ आणि १९२४ मध्ये सुधारलेली त्याची रूपे, या जमातींना डांबून ठेवणारी सोलापुरातली तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, रोजची हजेरी, या सगळ्यामागे एकच समज होती : मूल जन्मतः गुन्हेगार असते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, समज गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या तुरुंगांतील जातिभेदावरच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त समाजातल्या लोकांची मनमानी धरपकड करू नका, असे पोलिसांना बजावावे लागले. अशा समाजातल्या पोराला तुम्ही पहिल्याच पानावर ‘जोखीमग्रस्त किशोर’ म्हणालात, तर वाचणाऱ्याला जोखीम त्या पोरातच दिसते. त्याऐवजी ‘जोखमीच्या परिस्थितीत वाढणारी मुले’ असे म्हणा. हा फक्त भाषेचा सोपस्कार नाही, कारण शब्द बदलला की मोजायच्या गोष्टीही बदलतात.

म्हणजे काय मोजायचे? वर्षात कुटुंबाने किती वेळा पाल हलवले. जन्मदाखला आहे का, जातीचा दाखला आहे का. आठवीनंतरची शाळा किती किलोमीटरवर आहे. वस्तीवर पोलीस आले तेव्हा शाळा किती दिवस बुडाली. घरातला कमावता माणूस कोठडीत किंवा तुरुंगात किती महिने होता. शिक्षक मुलाला नावाने हाक मारतात की जातीने. अशा आठ-दहा गोष्टी घ्या, प्रत्येकीला ० किंवा १ द्या आणि बेरीज करा. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांच्या कामापासून पुन्हा पुन्हा दिसत आले आहे, की एखादी सुटी अडचण मुले पेलतात, अडचणींचा ढीग झाला की मोडतात. म्हणून कोणती अडचण याच्या जोडीने ‘किती’ हेही मोजायला हवे. तितक्याच गोष्टी दुसऱ्या बाजूच्या घ्या : दहावी झालेले मोठे भावंड, वसतिगृहात मिळालेली जागा, पाठीशी उभा राहणारा एक प्रौढ, खेळाचा संघ. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुले मोठी होईपर्यंत पाहिली. गंभीर अडचणींत जन्मलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुले नीट उभी राहिली, आणि त्यांच्यामागे बहुधा असाच कुणीतरी भरवशाचा माणूस होता.

‘सर्वसाधारण’ मुलांशी तुलना नको, असे गाईडना सांगायला तुम्हाला आधार हवा असेल, तर मानसशास्त्रज्ञ सिंथिया गार्सिया कोल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली चौकट वाचा. त्यांचे म्हणणे असे, की बहुसंख्याकांच्या मुलांना मापदंड धरले की दुसऱ्यांची मुले कमीच भरतात, आणि भेदभाव व वेगळे ठेवले जाणे हाच विकासाच्या अभ्यासाचा गाभा मानायला हवा. तुमची तुलना वस्तीच्या आतच आहे. एकाच वस्तीवरून एक मुलगी नववीत जाते, दुसरी सहावीत सुटते, हे कशाने होते? या प्रश्नाच्या उत्तराचा वस्तीलाही उपयोग आहे.

आता एसडीक्यू. २५ विधाने, पाच गटांत पाच-पाच, मुलांनी स्वतः भरायची ती ११ ते १७ वयासाठी. पारधी मुलांसाठी वापरताना एक विधान फार जपून हाताळावे लागते. वर्तनसमस्यांच्या गटात ‘माझ्यावर बऱ्याचदा खोटे बोलण्याचा किंवा फसवण्याचा आरोप होतो’ अशा अर्थाचे एक विधान आहे. इतर मुलांच्या बाबतीत त्यातून थोडेफार वर्तन कळते. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की ज्याचे दप्तर पहिले तपासले जाते, त्या मुलाने ‘अगदी खरे’ म्हटले, तर तुम्ही त्याचे वर्तन मोजलेले नसते, वर्गाचा संशय मोजलेला असतो. पण गुण त्या मुलाच्या नावावर चढतात आणि तुमच्या तक्त्यात पारधी मुले ‘वर्तनसमस्या जास्त’ म्हणून छापली जातात. विधानाची शब्दरचना परवानगीशिवाय बदलता येत नाही, ते वगळूही नका. एकूण गुण या विधानासह एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा काढा, दोन्ही छापा, आणि प्रत्येक ‘अगदी खरे’नंतर ‘कोण म्हणतं? कधी म्हणालं?’ हे विचारून उत्तर वेगळे लिहा. प्रबंधातले एक अख्खे प्रकरण या उत्तरांतून उभे राहू शकेल.

मुले सगळ्याला ‘हो’ का म्हणतात? कागद हातात घेऊन प्रश्न विचारणारा मोठा माणूस त्यांनी दोनच ठिकाणी पाहिलेला असतो, शाळेत आणि पंचनाम्यात. दोन्हीकडे ‘हो’ म्हटले की लवकर सुटका होते. तुमच्या ४० फॉर्ममध्ये हे तपासता येते. एसडीक्यूतल्या अडचणींच्या विधानांपैकी पाच उलट दिशेची आहेत, म्हणजे त्यांना ‘हो’ म्हटले की अडचण कमी. ज्याने ‘मला खूप राग येतो’ आणि ‘मी सहसा सांगितलेलं ऐकतो’ या दोन्हींना ठाम ‘हो’ म्हटले, आणि पुढेही तसेच केले, तो फॉर्म संशयास्पद म्हणून बाजूला काढा. यापुढे तीन वाट्या ठेवा : रिकामी म्हणजे ‘खरे नाही’, अर्धी भरलेली म्हणजे ‘थोडे खरे’, पूर्ण भरलेली म्हणजे ‘अगदी खरे’. विधान वाचायचे, मुलाने चिंचोका टाकायचा. आधी सरावाची दोन विधाने द्या, ‘मला पंख आहेत’, ‘मी आज जेवलो’. नाही म्हटले तरी कुणी रागावत नाही, हे मुलाच्या हाताला कळू द्या. उत्तर घेण्याची ही पद्धत मूळ पद्धतीपेक्षा वेगळी आहे, तेव्हा प्रबंधात तसे नोंदवा.

घरी पारधी बोली बोलणाऱ्या मुलाला छापील मराठी ही दुसरी भाषा असते, आणि ती बोली गुजरातीला जवळची. अधिकृत मराठी भाषांतर वाचून दाखवण्याआधी दहा-बारा मुलांसोबत एकेक विधान घेऊन बसा : ‘याचा अर्थ तुला काय लागला? तुझ्या भाषेत सांग.’ बोलीत समजावून सांगण्याची वाक्ये ठरली, की ती ज्याने मूळ प्रश्नावली पाहिलेली नाही अशा बोली जाणणाऱ्याकडून परत मराठीत आणा. अर्थ सरकला असेल तर तो इथे सापडतो.

वयाबद्दल थोडेसे. शाळेच्या जनरल रजिस्टरात निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून दिसली, तर ती शिक्षकाने प्रवेशासाठी टाकलेली तारीख आहे हे ओळखा. त्यावर विसंबून १३ आणि १५ वर्षांचे गट पाडू नका. आईसोबत बसून घटनांच्या आधाराने वय काढा : नोटाबंदीच्या वेळी, म्हणजे २०१६ च्या दिवाळीनंतर, पोरगं शाळेत जात होतं का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुधाचे दात पडले होते का? पाठचे भावंड किती मोठे? तरी सहा महिन्यांची चूक राहतेच. ती मान्य करा आणि दोन-दोन वर्षांचे गट ठेवा.

४०० चा आकडा कुठून येतो तेही बघू. मोठ्या लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकून निवड केली, तर ५ टक्के चुकीच्या मर्यादेसाठी ३८४ लागतात, तोच गोल केलेला हा आकडा. तुम्ही चिठ्ठ्या टाकून निवडत नाही, वस्तीवस्तीवर जाऊन घेता. एका वस्तीवरची मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून दर मुलामागे मिळणारी माहिती कमी होते. हा तोटा १ + (दर वस्तीतली मुले – १) × साम्य या सूत्राने काढतात. साम्य म्हणजे एका वस्तीतली मुले किती सारखी, ० ते १ मध्ये. ते ०.०५ धरले आणि दर वस्तीत २० मुले घेतली, तर येतात १.९५. म्हणजे ३८४ चे जवळपास ७५० होतात. हे तुम्हाला एकटीला शक्य नाही. त्यापेक्षा दर वस्तीत आठच मुले घ्या, वस्त्या वाढवा. तोटा १.३५ वर येतो. १८-१९ वस्त्यांतून १५० मुले झाली, तर ती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १११ मुलांच्या तोलाची होतात. टक्केवारीत ९ च्या आसपास चूक राहील, ती उघड सांगा.

मग त्या १५० पैकी २४ मुले निवडा आणि प्रत्येकाला तीनदा भेटा. शीर्षकात ‘विकास’ आहे, आणि एकदाच भरलेल्या फॉर्ममध्ये विकास दिसत नाही, त्या दिवसाची स्थिती दिसते. भेटींच्या वेळा साखर कारखान्यांच्या हंगामावर बसवा. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जातात, गाळप उरकले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणून पहिली भेट ऑगस्ट-सप्टेंबरात, दुसरी मे-जूनमध्ये, तिसरी पुढच्या सप्टेंबरात. दिवाळीनंतर रिकामी झालेली वस्ती हे तुमचे अपयश नव्हे, ते तुमचे निरीक्षण आहे. कोणाची मुले सोबत गेली, कोण आजीपाशी राहिले, परतल्यावर शाळेने नाव ठेवले की काढले, हे सारे नोंदवा. मुकादमाचा किंवा नातलगाचा फोन नंबर जाण्याआधी घेऊन ठेवा, तरीही चार-पाच मुले हाताबाहेर जातील असे धरून चाला.

७२ मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटे, म्हणजे ५४ तासांचे ध्वनिमुद्रण. एक तास उतरवायला सहा तास लागतात, बोली मिसळलेली असेल तर आठ. कमीत कमी ३२४ तास, रोज चार तास बसलात तरी ८१ दिवस. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी सहा वर्षांची मर्यादा आहे, वर दोन वर्षे पुनर्नोंदणीची, आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. वेळ पुरेसा आहे, पण शीर्षकबदलाचा अर्ज संशोधन सल्लागार समितीच्या येत्या सहामाही बैठकीतच ठेवा. तिसऱ्या वर्षी तो फार जड जातो.

संमतीचे काय करायचे? अंगठ्याचा ठसा जिथे जिथे घेतला गेला, तिथे तिथे या लोकांचे काहीतरी गेले आहे, त्यामुळे नकार समजण्यासारखा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरक्षर पालकांसाठी निष्पक्ष साक्षीदाराची सोय आहे. नीतिशास्त्र समितीची आधी मंजुरी घेतली तर तोंडी संमतीही चालते. मंजुरी आधी, काम नंतर, हा क्रम तुमच्याकडून उलटा झाला आहे. ध्वनिमुद्रित तोंडी संमतीसाठी दुरुस्ती-अर्ज द्या, त्यात नकाराचे कारण लिहा. साक्षीदार म्हणून पोलीस पाटील किंवा सरपंच नकोत, अंगणवाडी सेविका चालेल. पालकांच्या संमतीखेरीज १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची सहमतीही लेखी लागते. मुलाने नको म्हटले तर आई-बापाच्या होकाराला किंमत नाही. मुले ‘नको’ असे तोंडाने क्वचित म्हणतात, पाणी प्यायला उठतात ती परत येत नाहीत. तेही नको समजा. जातपंचायतीने परवानगी दिली म्हणून कोणाचीच संमती झाली असे होत नाही. वह्या-पेन द्यायचे तर वस्तीवरच्या सगळ्याच मुलांना द्या, बोललेली असोत वा नसोत.

नोंदी ठेवताना एक गोष्ट विसरू नका. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण आहे, तसे संशोधकाला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तुमची वही मागवली जाऊ शकते. म्हणून मुलाने काय केले, कुणाच्या शेतात केले, कुणासोबत केले हे विचारूच नका. आपणहून सांगू लागला तर हळूच थांबवा, लिहू नका. वहीत फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा, नावांची यादी वेगळ्या घरात कुलपात. मुद्रण उतरवून झाले की समितीला कळवलेल्या तारखेला पुसा, व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. ‘नदीकाठची तालुक्यातली एकमेव वस्ती’ असे लिहिले की टोपणनाव फुकट जाते. पाचपेक्षा कमी मुलांचा आकडा कोणत्याही तक्त्यात छापू नका.

राहिले ते ४० फॉर्म. समितीची दुरुस्ती मंजूर झाली, की ते घेऊन पुन्हा त्या घरी जा, मूल आणि पालक दोघांना विचारा. हो म्हणाले तर ते फॉर्म प्राथमिक चाचणी म्हणून वापरा, मुख्य नमुन्यात मिसळू नका. नको म्हणाले, किंवा कुटुंब सापडलेच नाही, तर फॉर्म नष्ट करा आणि किती केले, का केले, हे पद्धतीच्या प्रकरणात एका परिच्छेदात लिहा. त्या मुलीचा फॉर्म मात्र तिला विचारायलाही आत्ता काढू नका. तिच्याशी सध्या फक्त तिच्याबद्दल बोला.